स्टेजवरचं म्युझिकल सिनेमात आणायचंय? मग नाच पहिल्यापासून बसवा

नाटक गाजलेलं असतं, गाणी लोकांना पाठ असतात, मधल्या मोठ्या नाचाला दर प्रयोगाला वन्समोअर मिळत असतो, मग कुणीतरी म्हणतं याचा सिनेमा करूया आणि सगळ्यांना वाटतं निम्मं काम झालेलंच आहे, आता फक्त कॅमेरा लावायचाय. मलाही असंच वाटलं होतं. मी कोरिओग्राफरची असिस्टंट होते आणि स्टेजवरचा बसवलेला नाच जसाच्या तसा उचलून आम्ही पहिलं गाणं शूट केलं, तीन कॅमेरे लावून, दोन दिवसात. बावीस जणं, एकाचंही पाऊल चुकलं नाही. आणि एडिटरने जोडून दाखवलं तेव्हा खोलीत कुणी काहीच बोललं नाही. गॅदरिंगचा व्हिडिओ बघतोय असं वाटत होतं. सगळं दिसत होतं पण काहीच होत नव्हतं.

ते गाणं आम्ही नंतर परत केलं, पूर्ण, आणि त्यातून जे शिकले ते इथे लिहितेय. ज्यांना असं काही करायचंय त्यांचे दोन दिवस आणि थोडी अब्रू वाचेल.

आधी घोळ काय होतो तो समजून घ्या. स्टेजवर प्रेक्षक स्वतःच एडिटिंग करत असतो. बावीस जणं नाचत असली तरी त्याचा डोळा आधी हिरोइनवर, मग कोपऱ्यातल्या उंच मुलावर, मग परत सगळ्यांवर असा फिरतो आणि त्याला पाहिजे तेव्हा फिरतो. शिवाय समोर खरी माणसं घाम गाळतायत, फळ्यांचा दणका खुर्चीपर्यंत येतोय, कुणी आत्ता घसरून पडू शकतं, हे सगळं नाचाच्या खात्यात जमा होत असतं. पडद्यावर यातलं एकही नाही. तिथे कुठे बघायचं ते तुम्ही ठरवणार, आणि तुम्ही ठरवलं नाहीत तर प्रेक्षक काहीच बघत नाही, नुसता समोर बसून राहतो. त्यामुळे नाच 'शूट करणे' हा प्रकार डोक्यातून काढून टाका. नाच कॅमेऱ्यासाठी परत बसवायचा असतो, त्याच गाण्यावर, बऱ्याचदा त्याच स्टेप्स वापरून, पण परत.

हक्कांचं थोडक्यात सांगते कारण कंटाळवाणं आहे पण इथेच गाडं अडतं. नाटक करायची परवानगी म्हणजे सिनेमा करायची परवानगी नव्हे, ते वेगळे हक्क असतात. संहिता एकाची, गाण्याचे शब्द दुसऱ्याचे, चाली तिसऱ्याच्या, आणि आधीच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग वापरणार असाल तर त्याचा मालक चौथाच. आणि जे लोक हमखास विसरतात ते म्हणजे मूळ नाच. बऱ्याच देशांत लिहून किंवा चित्रित करून ठेवलेल्या कोरिओग्राफीलाही कॉपीराइट असतो, तेव्हा ती प्रसिद्ध स्टेप घ्यायची असेल तर ती बसवणाऱ्याकडून लेखी घ्या. चहा पिता पिता 'वापर की' म्हणालेला माणूस पोस्टर लागल्यावर वेगळं बोलू शकतो.

कुठलं गाणं ठेवायचं

सगळी गाणी एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहा, गाणं सुरू होताना कोण कुठल्या अवस्थेत असतं आणि संपताना कुठल्या. दोन्हीकडे तेच येत असेल तर त्या गाण्याला लाल खूण करा. लगेच काढू नका, नुसती खूण. कारण नाटकातली बरीच गाणी कथेसाठी नसतातच. मागे नेपथ्य बदलायचंय म्हणून पडद्यापुढे दोघं विनोदी गाणं म्हणतात, हिरोइनला साडेतीन मिनिटात कपडे बदलायचेत म्हणून कोरस नाचतो, मोठ्या नाचानंतर दम खायला एक संथ गाणं येतं. सिनेमात या सगळ्या कामांसाठी 'कट' नावाची फुकटची सोय आहे. म्हणजे ती गाणी ज्या कारणासाठी जन्माला आली ते कारणच उरलं नाही. आवडतं म्हणून ठेवलंत तर दुसऱ्या अर्ध्या तासात प्रेक्षक मोबाइल बघायला लागतो आणि कुणालाच कळत नाही का.

क्रमाचंही तसंच. नाटकात मध्यंतराआधी एक दणदणीत समूहगीत असतं, लोक त्याच जोशात बाहेर जातात, परत येऊन बसतात तेव्हा त्यांना परत पकडायला अजून एक मोठं गाणं असतं. सिनेमात ही दोन्ही गाणी एकमेकांना चिकटतात आणि दोन जेवणं लागोपाठ जेवल्यासारखं होतं. एक हलवा किंवा एकाचा जीव कमी करा. 'वेस्ट साइड स्टोरी' या न्यूयॉर्कच्या दोन टोळ्यांवरच्या अमेरिकन म्युझिकलच्या १९६१ च्या सिनेमात हे फार शहाणपणाने केलंय. नाटकात पोलिसांची टिंगल करणारं विनोदी गाणं दोन खून झाल्यानंतर येतं आणि डोकं थंड ठेवा म्हणणारं ताणलेलं गाणं आधी येतं, सिनेमात त्यांनी दोघांची अदलाबदल केली. स्टेजवर खुनानंतर थोडं हसू चालून जातं कारण मध्ये मध्यंतर झालेलं असतं, पडद्यावर ते अंगावर आलं असतं. त्याच सिनेमात अमेरिकेवरच्या भांडणाचं गाणं, जे नाटकात फक्त मुलींचं आहे, ते मुलं विरुद्ध मुली असं केलं आणि एकदम नाचाला दोन बाजू मिळाल्या. नाचाला दोन बाजू असल्या की कॅमेऱ्याला कुठे बघायचं ते आपोआप कळतं, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लांबी हा माझा आवडता भांडणाचा विषय आहे. स्टेजवर सहा मिनिटं चालणारा नाच सिनेमात साडेतीनच्या वर गेला तर मला त्याचं कारण लागतं. स्टेजवर तीच हालचाल आधी डावीकडे मग उजवीकडे करतात कारण दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना दिसावी. पडद्याला बाजूची खुर्ची नसते. नुसती ही डावी-उजवी काढलीत तरी मिनिटभर सहज वाचतं.

ही माणसं नाचतात का?

नाटकाच्या प्रेक्षकाने तिकीट काढतानाच मान्य केलेलं असतं की इथे माणसं मध्येच गाणार. कॅमेरा मात्र खऱ्या रस्त्यावर, खऱ्या उन्हात उभा असतो, आणि तिथे कुणी उगाच गिरकी घेतली की बघणाऱ्याला लाज वाटते. म्हणून तुमच्या सिनेमाच्या जगात नाच कसा शिरतो याचा एक नियम आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. माझ्या मते तीन रस्ते बऱ्यापैकी मळलेले आहेत.

पहिला, नाच फक्त तिथेच जिथे खऱ्या आयुष्यातही झाला असता. बॉब फॉसीने १९७२ मध्ये 'कॅबरे' करताना नाटकातली क्लबबाहेरची बरीच गाणी काढूनच टाकली, जवळपास सगळं गाणंबजावणं क्लबच्या स्टेजवर आणलं आणि ते बाहेरच्या घटनांवर टोमणा मारल्यासारखं मध्ये मध्ये पेरलं. बाहेर फक्त एक गाणं आहे, बागेत बसलेल्या लोकांचं, आणि एकटंच असल्यामुळे ते अंगावर काटा आणतं. दुसरा रस्ता, नाच कुणाच्या तरी डोक्यात. रॉब मार्शलच्या २००२ च्या 'शिकागो'त गाणी बहुतेक नायिकेच्या कल्पनेतल्या स्टेजवर होतात आणि एडिटिंग खऱ्या खोलीतून त्या स्टेजवर सारखं ये-जा करतं, त्यामुळे झगमगाट कितीही केला तरी चालतो, ती बाई तशीच विचार करते. तिसरा सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारा, चालण्यातूनच नाच उगवतो. वर म्हटलेल्या १९६१ च्या सिनेमाची सुरुवात बघा, पोरं रस्त्यावरून चालतायत, बोटांनी चुटक्या वाजवतायत, एकजण चालता चालता हात जरा जास्त पसरतो, परत चालतो, मग दोघं, मग तिघं, आणि नाच नक्की कधी सुरू झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही. हे काम जेरोम रॉबिन्सचं, नाटकाचा नाचही त्याचाच होता आणि सिनेमात तो सहदिग्दर्शक होता. तोही शूटिंग चालू असताना वेळ आणि खर्च हाताबाहेर जातोय म्हणून बाजूला केला गेला, आणि नंतर रॉबर्ट वाइजबरोबर दिग्दर्शनाचं ऑस्कर त्यालाही मिळालं. हे एवढ्यासाठी सांगितलं की या रस्त्याने जायचं तर शेड्यूलमध्ये जागा ठेवा.

तिन्हींची मिसळ करू नका. पहिल्या अर्ध्या तासात नियम कळला की प्रेक्षक निवांत बसतो, मग पाऊण तासाने तुम्ही तो मोडलात की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

गाणं आधी, नाच नंतर, कॅमेरा दोन्हीबरोबर

गाणं रेकॉर्ड होऊन टेम्पो फिक्स झाल्याशिवाय पक्की तालीम सुरू करू नका. प्रयोगात कंडक्टर नाचणाऱ्यांकडे बघून जरा थांबतो जरा पळतो, प्लेबॅक, म्हणजे सेटवर वाजवलेलं रेकॉर्ड केलेलं गाणं, कुणासाठी थांबत नाही. आणि तालमीनंतर संगीतकाराला वाटलं की गाणं जरा चपळ हवं तर त्या 'जरा'मध्ये उड्या खाली यायच्या राहतात. म्हणून कच्च्या ट्रॅकवर कोरिओग्राफरने स्वतः नाचून बघायचं, टेम्पो ठरवायचा, मग गायकांचं रेकॉर्डिंग. एक गंमत, सेकंदाला २४ फ्रेम आणि मिनिटाला १२० बीट असतील तर एक बीट बरोबर १२ फ्रेमचा होतो आणि आठ काउंट, म्हणजे नाचणाऱ्यांची एक ते आठ मोजणी, चार सेकंदांचे. एडिटर तुम्हाला दुवा देईल. ११८ चं गाणं केवळ यासाठी १२० करायला हरकत नाही, ९० चं करू नका, एवढं सांगायला लागू नये पण मी हा प्रस्ताव कानांनी ऐकलेला आहे.

लाइव्ह गाऊन घ्यायचं का हा प्रश्न हमखास येतो. 'ले मिझराब्ल'च्या २०१२ च्या सिनेमात नटांच्या कानात छोटा इअरपीस, बाहेर पियानोवाला साथ करतोय आणि नट तिथेच गातायत, असं केलं होतं. पण तिथे माणसं उभी राहून रडत गातात. तुमची माणसं उड्या मारणार आहेत. दम लागलेला गळा आणि छातीवरचा माइक यातून जे येतं ते कुणाला ऐकवायचं नसतं. नाचाचं गाणं प्लेबॅकवरच घ्या, फक्त गाण्याआधीच्या संवादाच्या शेवटच्या दोन ओळी आणि पहिली ओळ लाइव्ह घेता आली तर घ्या, म्हणजे बोलण्यातून गाण्यात शिरताना आवाज एकदम स्टुडिओतला होत नाही, तो सांधा फार कानाला लागतो. आणि नाचून झाल्यावर त्याच गायकांकडून नुसते श्वास, हुंकार, पायांचे आवाज वेगळे रेकॉर्ड करून घ्या. स्टेजवरचा तो फळ्यांचा दणका गेला म्हणाले ना, तो थोडाफार इथून परत येतो.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळायला हवे असतील तर ४८ फ्रेमने शूट करा आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवा, नाचणाऱ्यांना दुप्पट वेगाने नाचायची वेगळी तालीम लागते, ती आदल्या रात्री आठवून उपयोग नाही.

पंखा आणि नरसाळं

आता मुख्य मुद्द्यावर येते. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ते दोन दिवस वाया गेले नसते.

स्टेज पुढच्या बाजूला रुंद असतं, प्रेक्षकाकडे पंख्यासारखं उघडलेलं, म्हणून सगळे पुढे येऊन ओळीत उभे राहिले की जोरदार दिसतं. कॅमेऱ्याचं बरोबर उलटं. लेन्सजवळ जागा चिंचोळी असते आणि लांब जाल तसं फ्रेम रुंद होत जाते, नरसाळ्यासारखी. त्यामुळे तीच ओळ कॅमेऱ्यापुढे आणली की कडेचे आठ जण फ्रेमबाहेर, आणि ते आत घ्यायला कॅमेरा मागे नेला की सगळे मुंग्या. आमचं पहिलं गाणं मेलं ते नेमकं यामुळे.

तेव्हा तालमीच्या हॉलमध्ये पहिल्या दिवसापासून जमिनीवर चिकटपट्टीने ते त्रिकोणी नरसाळं आखा. टोकाशी एक स्टूल ठेवा, त्यावर फोन, आणि फोनमध्ये ठरलेल्या लेन्सइतकी फ्रेम दिसेल असं ॲप टाका. मग नाच आडवा रुंदीत न बसवता लेन्सपासून लांबपर्यंत खोलवर बसवा, म्हणजे एक चेहरा लेन्सच्या अगदी जवळ, चार जण मधे, बाकी लांब. लांबून लेन्सकडे धावत येणारा एक माणूस आडव्या ओळीत नाचणाऱ्या दहांपेक्षा भारी पडतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवलात की साधी उडी वीतभर जास्त उंच वाटते. भौमितिक फॉर्मेशन असेल तर टॉप अँगल घ्या, पण गाण्यात एकदा, फार तर दोनदा, त्याहून जास्त केलं की रांगोळी प्रदर्शन होतं.

आमचं ते फसलेलं गाणं उदाहरणासाठी घेते. प्रसंग असा, रात्रीची शेवटची गाडी चुकलेली माणसं वेटिंग रूममध्ये अडकलीयेत, नायिका घर सोडून निघालीये आणि गाण्याच्या शेवटी ती ठरवते की परत जायचं नाही. स्टेजवर तीन रांगा बाकं, सगळी प्रेक्षकांकडे तोंड करून (खऱ्या वेटिंग रूममध्ये कोण असं बसतं, पण स्टेजवर चालतं), पाचव्या काउंटला सगळ्यांच्या बॅगा एकदम वर, शेवटी बॅगा घेऊन पुढे ओळ आणि पोझ. टाळ्या.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा आधी आम्ही खोलीला चारही भिंती दिल्या आणि एकच दार ठेवलं. म्हणजे नाचाला दिशा आली, दाराकडे किंवा दारापासून लांब, मघाशी म्हटलेल्या दोन बाजू इथे मिळाल्या. पहिले सोळा काउंट कुणी नाचतच नाही. एक बूट अस्वस्थपणे जमिनीवर आपटतोय, एका आजोबांची काठी, कुणीतरी बॅगेची चेन उघडतंय लावतंय, घड्याळाचा काटा, आणि या आवाजातूनच ताल उभा राहतो. कॅमेरा तेव्हा बाकाच्या उंचीवर बसलेला, जणू तोही गाडी चुकलेला. मग एक-दोनला नायिका उभी राहते आणि कॅमेरा तिच्याबरोबर उठतो, तीन-चारला ती दाराकडे वळते, आणि पाचला एक बॅग लेन्सच्या अगदी पुढून जाते, फ्रेम क्षणभर काळी होते. तिथे कट लपवलाय. पलीकडून बाहेर येतो तेव्हा आपण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो, दारात उभं राहून आत बघतोय, आणि अठरा जण आपल्याकडे येतायत. म्हणजे स्टेजवर जी बॅगांची उचल ही नुसती एक चमकदार हालचाल होती तीच स्टेप इथे तिची वाट अडवायला लागली. स्टेप एकही नवीन नव्हती हो. फक्त कोण कुणाकडे आणि लेन्स कुठे एवढंच बदललं.

बावीसचे अठरा झाले हेही लक्षात आलं असेल. चार जणांना वाईट वाटलं. पण ती खोली बावीस जणांना मावत नव्हती आणि कोंदटपणा खरा दिसायला हवा होता.

अख्खं गाणं असं फोनवर शूट करून, ट्रॅकवर जोडून, डीओपी (म्हणजे कॅमेरा सांभाळणारा सिनेमॅटोग्राफर) आणि एडिटर दोघांना शेजारी बसवून बघा. ट्रॅकसूटमधल्या माणसांचा भंगार फोन-व्हिडिओ जर बघवत असेल तर खरा सिनेमा बघवणारच. आणि तो बघवत नसेल तर क्रेन, धूर, चाळीस दिवे काहीही आणा, उपयोग नाही. डीओपीने निदान एकदा तरी काउंट म्हणत तालमीत चालून बघायला हवं, कारण ट्रॉली ढकलणाऱ्यालाही 'पाच, सहा, सात, आठ' कळलं पाहिजे, कॅमेरा अर्धा काउंट उशिरा पोचला तर चूक नाचणाऱ्याची दिसते.

पाय दाखवा

हॉलिवूडचा जुना नाचणारा नट फ्रेड अस्टेअर, त्याचा आग्रह असायचा की नाचताना तो डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये हवा आणि कट कमीत कमी. तो आग्रह आजही शंभर टक्के बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, फॉसीने तुकडे तुकडे करूनच कमाल केलीये, खांदा, टोपी, नुसता गुडघा. पण फॉसीच्या तुकड्यात प्रत्येक तुकडा नाचत असतो. आपल्याकडे काय होतं, नाच अवघड आला की घाबरून चेहऱ्याचा क्लोजअप लावतात. नाचाची अवघड जागा तीच पूर्ण अंगाने दाखवायची, आणि चेहऱ्यावर तेव्हाच जायचं जेव्हा त्या माणसाच्या मनात काहीतरी बदलतंय. माझा एक घरगुती नियम आहे, कोपरापासून किंवा घोट्यापासून माणूस कापायचा नाही, कापायचं तर मांडीत नाहीतर कमरेवर, नाहीतर लंगडा दिसतो.

क्लोजअपमध्ये अजून एक भानगड असते, कोरसमधली निम्मी मुलं ओठांनी काउंट म्हणत असतात. स्टेजवर दहाव्या रांगेतून दिसत नाही. पडद्यावर मागचा मुलगा विरहाच्या गाण्यात 'सहा, सात' म्हणताना स्वच्छ दिसतो. आणि स्टेजचं ते बत्तिशी दाखवणारं हसू, तेही पहिल्या आठवड्यातच काढायला लागतं, सवय फार खोल असते.

नट नाचणारा घ्यायचा की नाव असलेला, हे बहुतेक वेळा तुमच्या हातात नसतं. नाचणारा नसेल तर त्याला अर्धवट नाचवण्यापेक्षा गोष्टीतच सोय करा. 'ओक्लाहोमा'च्या १९५५ च्या सिनेमात स्वप्नातल्या बॅलेसाठी नायक-नायिकेच्या जागी सरळ दुसरे दोन नर्तक येतात, लपवाछपवी नाही, स्वप्न आहे म्हणून चालतं. (तो सिनेमा एकदा ३० फ्रेमने आणि एकदा २४ फ्रेमने असा दोनदा शूट झाला होता. म्हणजे नाचही तेवढेच वाढीव नाचावे लागले, बिचारे.)

शूटच्या दिवशी

स्टेजच्या फळ्यांना लवचीकपणा असतो, सिमेंटला नसतो. खऱ्या लोकेशनवर सिमेंटवर दिवसभर उड्या मारल्या की दुसऱ्या दिवशी निम्मी टीम नडगी धरून बसते. जिथे पाय फ्रेममध्ये नाहीत तिथे खाली रबराच्या चटया टाका, बुटांच्या तळाला पातळ रबर चिकटवा, गुडघ्याचे पॅड पँटच्या आत. प्रत्येक सेटअप बदलताना लाइटला पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात अंग थंड पडतं, तेव्हा टेकच्या दहा मिनिटं आधी परत वॉर्मअप, हे वेळापत्रकात छापून टाका, तोंडी सांगितलेलं कुणी पाळत नाही. पूर्ण ताकदीचे टेक मोजून घ्या. माझ्या अनुभवात तिसरा-चौथा टेक सगळ्यात चांगला असतो, आठव्यानंतर पाय दिसायला बरोबर पडतात पण डोळे विझलेले असतात.

मोठे पूर्ण अंगाचे शॉट आधी घ्या, क्लोजअप शेवटी. एकतर ताकद मोठ्या शॉटला लागते, आणि दुसरं म्हणजे घाम. गाण्याच्या शेवटी माणूस भिजलेला असला पाहिजे. आम्ही एकदा शेवटचा क्लोजअप सकाळी ताज्या चेहऱ्यावर घेतला आणि मेकअपवाल्याने स्प्रेने घाम मारला, तो दवबिंदूसारखा दिसत होता. त्यामुळे कपड्यांचेही निदान तीन जोड, कोरडा, ओलसर आणि चिंब.

प्लेबॅक मोठ्याने लावलेला असतो आणि त्याच शॉटमध्ये मध्ये संवाद असेल तर गाणं बंद करून फक्त खालचा धमधम आवाज ठेवायची सोय करता येते, नाचणाऱ्यांना ताल कळतो आणि साउंडवाला तो नंतर काढून टाकू शकतो. हे आधी साउंडवाल्याशी बोला, सेटवर सुचलं तर तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती मी पाहिलीये.

जोडताना

नवीन एडिटर बीटवर कट मारतो. दोन मिनिटात ते शिवणयंत्रासारखं वाटायला लागतं. कट हालचालीच्या मध्ये मारा, हात वर जायला लागलाय एका शॉटमध्ये आणि पोचतोय दुसऱ्यात, डोळा हाताच्या मागे जातो आणि कट गिळून टाकतो. बीटवर मारायचाच असेल तर एक-दोन फ्रेम आधी मारून बघा, बरोबर बीटवर मारलेला कट बऱ्याचदा उशिरा आल्यासारखा वाटतो. आणि नाच खरंच चांगला झालाय तिथे हात बांधून बसा. वेटिंग रूममध्ये एक शॉट सोळा सेकंदांचा आहे, आठ काउंटचे चार, मध्ये काही नाही. एडिटरला तीनदा तो कापायचा होता.

राहता राहिला शेवट. स्टेजवर गाणं पोझमध्ये संपतं, हात वर, ब्लॅकआउट, टाळ्या, टाळ्या ओसरल्या की पुढचं वाक्य. पडद्यावर टाळ्या येत नाहीत, आणि पोझ धरून उभी असलेली अठरा माणसं दीड सेकंदानंतर वेडी दिसायला लागतात. काहीजण लगेच पुढच्या सीनवर कट मारतात, तेही वाईट नाही, काहीजण शेवटच्या सुरावरच एखादं दार आपटवतात. आम्ही पोझ घेतली आणि कॅमेरा बंदच केला नाही. मूळ कारण असं काही थोर नव्हतं, असिस्टंट डिरेक्टर 'कट' म्हणायला विसरला. मुलं पोझमधून हळूहळू खाली आली, कुणी बॅग ठेवली, कुणी गुडघ्यावर हात टेकून धापा टाकायला लागलं, आजोबांचं काम करणारे बाकावर बसले, आणि नायिका तेवढी बॅग हातात धरून दाराकडे तोंड करून उभी राहिली कारण तिला वाटलं टेक अजून चालू आहे. ते साडेचार सेकंद सिनेमात आहेत, गाणं संपल्यावर, नुसत्या श्वासांच्या आवाजावर.